ठेक्याच्या किंचित मागे

नमस्कार श्रोतेहो.

आज जिच्याबद्दल बोलणार आहे, ती स्वतःला गायिका म्हणवून घ्यायला फारशी राजी नसायची. मी ड्रम वाजवणारी, गाते ते त्याच्या जोडीला, असा तिचा सूर असे. जगाने मात्र हिशेब उलटा मांडला. कॅरन कार्पेंटर. भाऊ रिचर्ड आणि ती, दोघांचा मिळून अमेरिकन पॉप गट 'कार्पेंटर्स'. ४ फेब्रुवारी १९८३ ला ती गेली तेव्हा बत्तीस वर्षांची होती.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा गाण्याचे निम्मे शब्दही मला कळले नव्हते. पण कुणीतरी अगदी खांद्यापाशी बसून गातंय, आणि शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस जागं होऊ नये अशा बेताने गातंय, एवढं नक्की कळलं. ती माइकच्या अगदी जवळ येऊन, हळू गायची. बहुतेक पॉप गायिका वर चढून टाळ्या घेतात. ही खाली उतरायची. खर्जाच्या ज्या पट्टीत भल्याभल्यांचा आवाज नुसती हवा होतो, तिथे हिचा आवाज भरीव व्हायचा. तिथे उतरताना ती जराही जोर लावत नाही. मला वाटतं, ऐकणाऱ्याला फसवतं ते हेच. इतकं सोपं वाटतं, की आपणही गुणगुणायला जातो आणि दुसऱ्याच ओळीला पाय घसरतो.

पण मला बोलायचंय ते ड्रमबद्दल.

जन्म १९५० चा, न्यू हेवनमधला. १९६३ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावी आलं. हायस्कूलमध्ये व्यायामाचा तास टाळायचा म्हणून ही मुलगी शाळेच्या बँडमध्ये शिरली. तिथे आधी घंटीसारखं वाजणारं एक वाद्य तिच्या गळ्यात पडलं, आणि तिचं सगळं लक्ष मात्र ढोल वाजवणाऱ्या पोरांकडे. शेवटी काठ्या हातात घेतल्याच. मग भाऊ पियानोवर, एक मित्र ट्यूबा या मोठ्या पितळी वाद्यावर आणि ही ड्रमवर, अशा तिघांनी १९६६ मध्ये 'हॉलिवूड बोल' या खुल्या रंगमंचावर झालेली बँडची स्पर्धा मारली. त्या काळात मुलीने ड्रमवर बसणं हीच मुळात बातमी होती. १९६९ मध्ये 'ए अँड एम' या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, तेव्हा तिचं वय एकोणीस. वय कमी म्हणून आईवडिलांनाही सही करावी लागली.

आता तिच्या गाण्यातली एक गोष्ट ऐका. तिची ओळ ठेक्यावर आदळत नाही. ठोका पडून जातो, आणि केसभर मागून शब्द येतो. आपल्याकडे ज्याला लयीशी खेळणं म्हणतात, ते हे. पण लयीशी खेळायचं तर लय आधी हाडात मुरलेली असावी लागते, नाहीतर तो खेळ नसतो, ती चूक असते. हिच्या हाडात ती काठ्यांमधून गेली होती. तिच्या आवाजातल्या दुःखाबद्दल ढीगभर लिहिलं गेलंय. मला त्यातलं निम्मं दुःख हे त्या केसभर उशिराचं वाटतं. शब्द यायला किंचित वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपल्या पोटात खड्डा पडतो.

'सुपरस्टार' या गाण्याचा किस्सा तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. १९७१ चं गाणं. वादकांना अंदाज यावा म्हणून तिने सहज गाऊन दाखवलं. शब्दही पाठ नव्हते, रिचर्डने कागदी रुमालावर खरडून दिले होते. खरं गाणं नंतर नीट करायचं ठरलं होतं. पुढे रेकॉर्डवर गेलं ते हेच, पहिलं. मी ते कितीदा ऐकलं असेल याची मोजदाद नाही, आणि अजूनही कुठेतरी कागद चाचपडल्याची खूण सापडेल म्हणून कान लावते. सापडत नाही.

तर अशी ड्रमर. आणि तिला ड्रमवरून उठवण्यात आलं. कारण अगदी व्यवहारी होतं: ती ड्रमच्या पसाऱ्यामागे बसली की प्रेक्षकांना दिसायचीच नाही. १९७० मध्ये 'क्लोज टू यू' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तिच्या तोंडचं गाणं घराघरांत पोचलं, आणि आता गाणारीने पुढे यावं असं आजूबाजूच्या सगळ्यांना वाटू लागलं. तिला ते नको होतं. सुरुवातीला रडतराऊत आली, मग सवय झाली. अनेक रेकॉर्डवर हॅल ब्लेनसारखे मुरलेले स्टुडिओ-वादक ड्रम वाजवू लागले. ब्लेन थोरच, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ड्रममागे तिच्यापुढे काहीतरी होतं, एक भिंत होती. पुढे आल्यावर उरला तो माइक आणि हजारो डोळे. मी डॉक्टर नाही, हे पुढे येणं आणि तिचं नंतरचं आजारपण यांची सांगड घालायचा मला अधिकारही नाही. तरी मनात येतं, ते येतंच.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. जेवणाशी माणसाचं वैर लावून देणारा तो आजार, ॲनोरेक्सिया. १९७५ मध्ये ब्रिटन आणि जपानचे दौरे रद्द करावे लागले. तेव्हा हे नावच फारसं कुणाला माहीत नव्हतं. 'अगं, नीट जेव' यापलीकडे कुणाकडे औषध नव्हतं. १९८२ मध्ये न्यू यॉर्कला उपचार, पुढच्या फेब्रुवारीत डाउनीला, आईवडिलांच्या घरी कोसळली ती उठलीच नाही. हृदयाने साथ सोडली. तिच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रांत तो शब्द आला आणि कितीतरी घरांना आपल्या मुलीला काय झालंय हे पहिल्यांदा उमगलं. हा तिचा वारसा मोठाच आहे, नाकारत नाही. फक्त एक गोष्ट मी करणार नाही. तिच्या वजनाचे आकडे सांगणार नाही. ते आकडे ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांतल्या कितींना तिच्या पहिल्या अल्बमचं नाव सांगता येईल?

आम्ही चाहतेही काही धुतल्या तांदळाचे नाही, बरं का. १९७२ मध्ये त्यांच्या एका संथ गाण्यात गिटारवादक टोनी पेलुसोने कर्कश इलेक्ट्रिक गिटार वाजवली, तर चाहत्यांनीच संतापून पत्रं धाडली. आम्हाला ती गोडच हवी होती. १९७३ मध्ये तर व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनसमोर गायली ही भावंडं. टीकाकारांनी त्यांना गुळमट म्हणून निकालात काढलं होतं, आणि आम्ही तो गूळ आणखी घट्ट केला.

तिने एकदा त्यातून बाहेर पडायचा प्रयत्न केला. १९७९–८० मध्ये न्यू यॉर्कला जाऊन, फिल रॅमोन या निर्मात्याबरोबर, भावाविना एक अख्खा अल्बम केला. तो डब्यात गेला. बाहेर आला १९९६ मध्ये, तिच्या पश्चात तेरा वर्षांनी. खरं सांगू? मला तो सगळा आवडत नाही. काही गाणी तिच्या आवाजाला उंच पडतात, काही तिला शोभत नाहीत. पण न शोभणारं करून बघायचा हक्क तिला होता, आणि तो अल्बम फसला असता तरी तिच्या डोळ्यांदेखत फसायला हवा होता.

१९९४ मध्ये गंमत झाली. सॉनिक यूथसारख्या गोंगाटी रॉक बँडनी मिळून तिच्या गाण्यांचा एक मानवंदना अल्बम काढला. ज्यांनी कार्पेंटर्सच्या रेकॉर्ड पलंगाखाली लपवून ऐकल्या असतील असं वाटावं, तीच ही मंडळी. त्याच सुमारास जपानमध्ये एका टीव्ही मालिकेत तिची गाणी वाजली आणि तिच्या हयातीत अगदी लहान होती अशी पोरं दुकानांत रांगा लावू लागली. रिचर्डने नंतरच्या काळात जुन्या ध्वनिमुद्रणांवर पुन्हा पुन्हा हात फिरवला, पियानो नव्याने वाजवला, घुमारा वाढवला. त्याला तसं करावंसं का वाटत असेल ते समजतं. तरी माझं मत विचाराल तर जुन्या तबकड्याच ऐका, तिथे तिच्याभोवती हवा जास्त आहे.

डिसेंबर १९७६ मध्ये त्यांचा एक टीव्ही कार्यक्रम झाला. त्यात मंचभर ड्रम मांडलेत आणि ती एकावरून दुसऱ्याकडे जात वाजवतेय. दौरे रद्द झाले त्याला जेमतेम वर्ष झालेलं. चेहरा बघितला तर कुणी आजारी म्हणणार नाही. रेडिओवर ते दाखवता येत नाही, ही आमची पंचाईत.

म्हणून दुसरं काहीतरी ऐकवते. १९६९ च्या पहिल्या अल्बममधलं, 'ऑफरिंग' असं त्या अल्बमचं नाव. फारसा खपला नाही तो. गाणारी तीच आहे, आणि ड्रमवरही तीच. गाणं छोटं आहे, म्हणून दोनदा लावणार आहे. पहिल्या खेपेला तिचा आवाज ऐका. दुसऱ्या खेपेला मात्र आवाज येऊ दे नि जाऊ दे, तुम्ही काठ्यांकडे कान ठेवा.