कल्चरला तीन दिवस कशाला?

नमस्कार मंडळी! आमच्या लॅबच्या खिडकीवर रोज कोणी ना कोणी विचारतंच, "शुगर तासाभरात कळते, मग लघवीच्या कल्चरला तीन दिवस कशाला ओ?" कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायचे. आज दाखवतोच.

सगळ्यात झटपट काम ग्रॅम स्टेनचं, म्हणजे जंतूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. 1884 साली हान्स ख्रिस्तियन ग्रामनं काढलेली पद्धत, आजही रोज वापरतो. पाचेक मिनिटांत कळतं, जंतू जांभळा की गुलाबी, गोल की दांडीसारखा. पण ही पद्धत तुम्हाला सात रस्त्यावर आणून सोडते. पुढं कुठल्या रस्त्यानं जायचं, ते सांगत नाही.

म्हणून ही प्लेट. (कॅमेऱ्याजवळ धरतो) मॅकॉन्की अगार, म्हणजे जंतूंना वाढायला घातलेली खाऊची जेली. काल संध्याकाळी लूपनं (तारेच्या कडीनं) नमुना ओढला, रात्रभर 37 डिग्रीला ठेवला. लॅक्टोज (दुधातली साखर) खाणारे जंतू गुलाबी दिसतात, न खाणारे बिनरंगी. हे चपटे गुलाबी ठिपके बहुतेक ई. कोलाय. आणि ही दुसरी प्लेट बघा, लूप उचलला की पाकासारखी तार सुटते. हा क्लेबसिएला असणार.

"बहुतेक" आणि "असणार" यावर रिपोर्ट देता येत नाही. मग जंतूची ओळख पटवणाऱ्या इंडोल, सायट्रेट, युरिएज तपासण्यांच्या नळ्या लावायच्या. अजून एक रात्र गेली.

ही रात्र वाचवतं ते माल्डी-टॉफ, म्हणजे प्रथिनांच्या वजनावरून जंतू ओळखणारं यंत्र. टूथपिकनं कॉलनी (प्लेटवर उगवलेला जंतूंचा ठिपका) स्टीलच्या प्लेटवर फासायची, वर मॅट्रिक्सचा (लेझर शोषणाऱ्या रसायनाचा) थेंब, वाळला की लेझर. जंतूची प्रथिनं नळीतून धावत सुटतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. त्यावरून उठलेला ठसा साठ्यातल्या ठशांशी जुळवला की काही मिनिटांत नाव हातात. पण कॉलनी उगवायलाच हवी ना! पहिली रात्र काही चुकत नाही. शिवाय कुठलं औषध लागू पडेल ते बघायला औषधाच्या चकत्या ठेवलेली डिस्कची प्लेट, तिचे वेगळे सोळा-अठरा तास.

पेशंटनं आधीच अँटिबायोटिक घेतलं आणि प्लेटवर काही उगवलंच नाही, तर जंतूच्या 16एस नावाच्या जीनची तपासणी. साधारण दीड हजार डीएनए-अक्षरांचा मजकूर वाचायचा. खर्चिक काम, रोजचं नव्हे.

(हो, आणि मे महिन्यात नमुना गाडीच्या डिकीत ठेवून बाजार करत येऊ नका. दोन तासांत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. डिकीत जे वाढतं, त्याचाच रिपोर्ट मिळतो.)

आता माझी आवडती गंमत. हगवणीचा शिगेला आणि ई. कोलाय इतके जवळचे भाऊबंद, की माल्डी-टॉफसुद्धा गोंधळतं, 16एससुद्धा. तिथं ही मऊ अगारची साधी नळी कामाला येते, जंतू हलतो का ते बघायला. बघा, काल सुई टोचली होती ती रेघ तशीच बारीक आहे, आजूबाजूला गढूळ झालेलं नाही. म्हणजे जंतू जागचा हललेला नाही. ग्लुकोजच्या नळीत गॅसचा बुडबुडाही नाही. शिगेलाचा दाट संशय. आता सीरम (शिगेला ओळखणारी अँटिबॉडी असलेला द्रव) लावून खात्री करतो. पेशंटच्या भावाला सांगितलंय, उद्या या.