जुना ड्राइव्ह, नवी सीडी

[दृश्य: ट्रे आत सरकतो. दिवा लुकलुकतो. मोटर वेग घेते, मंदावते, पुन्हा वेग घेते.]

हा आवाज लक्ष देऊन ऐका. ड्राइव्ह तबकडीच्या अगदी आतल्या कडेला अनुक्रमणिका शोधतोय आणि ती त्याला सापडत नाही. घरी लिहिलेली हीच सीडी नव्या संगणकावर लगेच उघडते. मग अनेकजण ड्राइव्ह गेला असं समजून तो काढून टाकतात. घाई करू नका. तो नेमका कुठे अडतोय, हे त्याच्या वागण्यावरूनच कळतं.

[दृश्य: तीन तबकड्या उजेडात तिरक्या धरलेल्या.]

असा नुसता फिरत राहिला, तर अडचण बहुधा प्रकाशाची असते. कारखान्यात छापलेली सीडी लेझरचा किमान ७० टक्के प्रकाश परत पाठवते. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. लेखन करताना लेझर तो जागोजागी भाजतो. तरीही तिचं परावर्तन छापील सीडीच्या जवळपास राहतं, म्हणून जुने ड्राइव्ह तिला सहसा स्वीकारतात. पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूत मात्र चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो, आणि ती जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश परतवते. एवढा क्षीण संकेत वाढवून वाचण्याची सोय ड्राइव्हमध्ये मुद्दाम करावी लागते. १९९७ मध्ये त्यासाठी ‘मल्टीरीड’ हा निकष आला. त्याआधीच्या ड्राइव्हसाठी आरडब्ल्यू वापरूच नये.

सुरुवातीच्या काही डीव्हीडी ड्राइव्हमध्ये नेमकं उलट घडतं. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० चा. सीडी-आरचं रंगद्रव्य ७८० साठी बनवलेलं आहे. ६५० च्या प्रकाशाला ते पुरेसं परावर्तन देत नाही. ज्या ड्राइव्हमध्ये एकच लेझर आहे, त्याला सीडी-आर दिसत नाही, पण आरडब्ल्यू दिसू शकते! डीव्हीडी-आरडब्ल्यूचाही असाच घोळ: तिचं परावर्तन दुहेरी थराच्या छापील डीव्हीडीइतकं कमी असतं, त्यामुळे काही जुने ड्राइव्ह नसलेला दुसरा थर शोधत बसतात.

[दृश्य: पडद्यावर फाइलींची यादी, निम्म्या फाइली गायब.]

तबकडी उघडली, पण नंतर भरलेल्या फाइली दिसत नाहीत? मग दोष सेशनचा, म्हणजे एका बैठकीत लिहिलेल्या भागाचा. फार जुने ड्राइव्ह पहिलं सेशन वाचून थांबतात. आणि सगळ्या फाइली दिसूनही शेवटची वाचताना चूक येत असेल, तर एकेक ट्रॅक सुटा लिहिणाऱ्या ‘ट्रॅक ॲट वन्स’ पद्धतीवर संशय घ्या. त्या पद्धतीत ट्रॅकच्या शेवटी लेझर बंद होतो आणि तिथले दोन सेक्टर, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, वाचता येत नाहीत; पुढचं आधीच वाचून ठेवणारा ड्राइव्ह त्यांवर अडखळतो.

नावं तुटकी दिसणं ही किरकोळ बाब. डॉस या विंडोजपूर्वीच्या जुन्या प्रणालीला लांब नावांची ‘जोलिएट’ यादी वाचता येत नाही, एवढंच.

[दृश्य: लेखनाच्या प्रोग्रॅमची खिडकी.]

म्हणून जुन्या यंत्रासाठी ७४ मिनिटांची, ६५० एमबीची सीडी-आर घ्या. ती मिळाली नाही, तर ८० मिनिटांची चालेल; पण तिच्यात रेषा जास्त दाटीने आखलेल्या असतात, हे ध्यानात ठेवा. ९० किंवा ९९ मिनिटांच्या तबकड्या निकषाबाहेरच्या, त्या टाळा. फाइलप्रणाली आयएसओ ९६६०, लेव्हल १. नावात आठ अक्षरं, विस्तारात तीन. फक्त मोठी इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर. फोल्डरच्या आत फोल्डर आठ पातळ्यांपर्यंतच. लेखन ‘डिस्क ॲट वन्स’ पद्धतीने, म्हणजे सगळी तबकडी एका दमात, एकाच सेशनमध्ये, आणि शेवटी फायनलाइज, म्हणजे पुढचं लेखन बंद. वेग मधला ठेवा. सर्वांत कमी वेग सर्वांत चांगला, हा समज चुकीचा आहे: वेगवान लेखनासाठी बनवलेल्या रंगद्रव्यावर अतिमंद लेखन उलट बिघडू शकतं.

पडताळणीही त्या जुन्याच ड्राइव्हवर करा. नव्या रायटरने दिलेला होकार इथे पुरेसा नाही. तरीही वाचत नसेल, तर लेन्सवरची धूळ साफ करा आणि दुसऱ्या रंगद्रव्याची तबकडी वापरून बघा. हिरवट-निळसर झाक बहुधा सायनिनची, फिकट सोनेरी थॅलोसायनिनची.

[दृश्य: काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर.]

सीडी वाचली जाते, पण तिच्यावरून संगणक सुरू होत नाही? सीडीवरून बूट करण्याचा ‘एल टोरिटो’ हा निकष १९९५ चा. त्याआधीच्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, तो माहीत नसतो. अशा वेळी फ्लॉपीवरून डॉस सुरू करा, कॉन्फिग फाइलमध्ये सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर घाला आणि डॉसला सीडी वाचू देणारा एमएससीडीईएक्स हा प्रोग्रॅम चालवा. ड्रायव्हर आणि एमएससीडीईएक्स या दोन्ही ओळींत ड्राइव्हचं नाव अक्षरशः एकच हवं.