ज्यांना मत नव्हतं, त्यांनी खांदा दिला

नमस्कार श्रोतेहो.

1823 साल. पॅरिसमधल्या एका खासदाराच्या घरी वीस वर्षांचा एक मुलगा उभा आहे. विलेर-कोतरे नावाच्या लहानशा गावातून नोकरी शोधायला आलेला. वडील क्रांतीच्या काळातले जनरल, पण ते कधीच गेले, आणि घरात पैसा नाही. वडिलांच्या जुन्या सोबत्यांनी फारशी दाद दिलेली नाही. आता खिशात उरली आहे ती मतदारसंघातल्या एका शेतकऱ्याची चिठ्ठी. या शेतकऱ्यानं खासदारसाहेबांना निवडणुकीत मदत केली होती. अशा चिठ्ठीचं वजन आपल्याला वेगळं सांगायला नको.

साहेब विचारू लागले, गणित येतं का? नाही. कायदा? नाही. ग्रीक? तेही नाही. हिशेब ठेवता येतील? मुलाचा चेहरा एकेका उत्तराबरोबर पडत गेला. शेवटी साहेब म्हणाले, बरं, पत्ता तरी लिहून ठेव. मुलानं पत्ता लिहिला, आणि साहेबांनी टाळीच वाजवली. वाचलो! तुझं अक्षर सुरेख आहे! त्या अक्षरावर मुलाला ऑर्लेआँच्या ड्यूककडे कारकुनी मिळाली. पगार वर्षाला 1200 फ्रँक. मुलाचं नाव अलेक्झांडर ड्यूमा. पुढे 'थ्री मस्केटिअर्स' लिहिणारा तोच हा. हा प्रसंगही त्यानंच आठवणींत लिहून ठेवला आहे. आता ड्यूमाच्या हातून गोष्ट थोडी रंगलेली असणार, ते आपण धरून चालू.

आज बोलायचं आहे ते मात्र त्या खासदाराबद्दल. जनरल माक्सिमिलियाँ फ्वा. इंग्रजी सवयीनं वाचलं तर 'फॉय' होतं, पण फ्रेंच लोक 'फ्वा' म्हणतात.

1775 चा जन्म, तोफखान्यातला माणूस. क्रांतीच्या धामधुमीत तेव्हा सत्तेवर असलेल्या जहाल जाकोबिन गटाविरुद्ध बोलला म्हणून तुरुंगात गेला, आणि त्या गटाचा पुढारी रोबेस्पिएर पडला म्हणून सुटला. नेपोलियनचं सम्राट होणं त्याला पसंत नव्हतं, तरी लढला त्याच्याच सैन्यात. पोर्तुगाल, स्पेन, आणि शेवटी 1815 मध्ये वॉटर्लू. तिथे खांद्याजवळ गोळी लागली. अंगावर डझनभराहून जास्त जखमा झाल्या होत्या. मग बूर्बों या जुन्या राजघराण्याचं राज्य परत आलं आणि नेपोलियनचे हजारो अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसले. जुना कोट गळ्यापर्यंत बटणं लावून घालायचा आणि कॉफीच्या दुकानात एका पेल्यावर दुपार काढायची, अशी त्यांची गत.

1819 मध्ये एन जिल्ह्यानं फ्वांना निवडून दिलं. सभागृहातलं त्यांचं सुरुवातीचं भाषण लीजन ऑफ ऑनर हा नेपोलियननं सुरू केलेला सन्मान मिळवलेल्या, पण त्याचा भत्ता निम्म्यावर आलेल्या सैनिकांसाठी होतं. त्यातलं एक वाक्य देशभर झालं: सन्मान आणि मायभूमी हे शब्द इथे उच्चारले, की फ्रान्समध्ये प्रतिध्वनी उठतो. वाक्य टाळ्यांचं आहे, मान्य. पण अंगावर जखमा घेऊन उभा असलेला माणूस ते म्हणतो, तेव्हा समोरच्या बाकावरच्या उमरावाला हसता येत नाही.

आता जरा आकडे पाहू. देशाची लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास आणि मतदार जेमतेम एक लाख! मत हवं तर वय तीस पूर्ण पाहिजे आणि वर्षाला 300 फ्रँक प्रत्यक्ष कर भरला पाहिजे. ड्यूमाचा पगार आठवा. वयाचं सोडा, वर्षाचा पाव पगार करात घातला असता, तरच तो मतदार होण्याच्या लायकीचा! एवढ्यावरही भागलं नाही. 1820 मध्ये कायदा झाला की सगळ्यात श्रीमंत पाव मतदारांना दोन वेळा मत देता येईल. फ्वा विरोधात बोलले, हरले. 1824 च्या निवडणुकीनंतर विरोधी बाकांवर वीसही माणसं उरली नाहीत. 1825 मध्ये क्रांतीत पळून गेलेल्या उमरावांच्या जमिनींची भरपाई द्यायचा कायदा आला. शंभर कोटींचा कायदा म्हणूनच तो ओळखला जातो. फ्वा पुन्हा बोलले, पुन्हा हरले. मग ही भाषणं कोणासाठी? सकाळी वर्तमानपत्र वाचणाऱ्यासाठी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवणाऱ्यासाठी.

28 नोव्हेंबर 1825 ला हृदयविकारानं ते गेले. वय पन्नास. दोन दिवसांनी अंत्ययात्रा निघाली. पाऊस पडत होता. दुकानं बंद होती, आणि सुमारे एक लाख लोक रस्त्यावर होते. म्हणजे साऱ्या देशात मतदार जेवढे, तेवढी माणसं एका शहरात, एका शवपेटीमागे. गाडी होती, पण तरुणांनी पेटी खांद्यावर घेतली. पेर लाशेझच्या दफनभूमीत पोहोचेपर्यंत अंधार पडला, मशाली पेटवाव्या लागल्या. तिथे काझिमीर पेरिए या धनाढ्य बँकवाल्या खासदारानं सांगितलं की या माणसाच्या कुटुंबाला फ्रान्स दत्तक घेईल. फ्वांनी मागे पाच मुलं ठेवली होती, संपत्ती नाही. वर्गणी सुरू झाली आणि सुमारे दहा लाख फ्रँक जमले. ड्यूमाच्या पगारानं ते साठवायला आठशेच्या वर वर्षं लागली असती. ड्यूमानं आपल्याकडून एक शोकगीत लिहून छापलं.

पुढे 1830 ची क्रांती झाली, राजा बदलला, मतदानाची कराची अट 200 फ्रँकवर आली. आणि 1832 मध्ये पॅरिसमध्ये पटकी आली. फ्वांच्या थडग्याशी बोललेले पेरिए आता पंतप्रधान होते. मे महिन्यात ते पटकीनंच गेले. 1 जूनला तसाच लोकांचा लाडका, नेपोलियनच्याच काळातला दुसरा जनरल-खासदार गेला, लामार्क. 5 जूनला त्यांची अंत्ययात्रा निघाली. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीमुळे ती जगाला माहीत आहे. लोकांनी शवगाडी हातानं ओढली. ऑस्टर्लिट्झ पुलाजवळ लाल झेंडा निघाला, घोडदळ आलं, गोळ्या सुटल्या, आणि रात्रीपर्यंत गल्लीबोळांत अडथळे रचले गेले. दुसऱ्या दिवशी तोफांनी ते फोडले.

त्या यात्रेत राष्ट्रीय रक्षक दलाच्या तोफखान्याला रांगेत जागा लावून देण्याचं काम एका नाटककाराकडे होतं. वय 29, पटकीतून नुकताच उठलेला, पायात धड जोर नाही. अक्षर अजूनही सुरेख. अलेक्झांडर ड्यूमा.