मोलेचं जंगल आणि रुळावर बसलेली पोरं

हा दूधसागर. आणि धबधब्याच्या अगदी पोटातून जाते ती कर्नाटकातल्या कॅसलरॉकहून गोव्यातल्या कुळ्याला उतरणारी रेल्वे, पोर्तुगीजांच्या काळातली, आजही एकच रूळ. पावसाळ्यात पुण्या-कोल्हापूरची पोरं इथं रील काढायला येतात, पण धबधबा सोडून जरा गाडीच्या शेपटाकडे बघा, मागून ढकलायला वेगळी इंजिनं लावलीयत. कारण चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की गाडी एक मीटर वर चढते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणारै.

आता ड्रोन वर गेलाय. खाली दिसतंय ते सगळं भगवान महावीर अभयारण्य आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान, साधारण २४० चौरस किलोमीटर. गवा, शेकरू, धनेश, सगळे इथले रहिवासी. आणि याच जंगलातून तीन प्रोजेक्ट न्यायचं ठरलं: रेल्वेचा दुसरा रूळ, ४०० केव्हीची वीजवाहिनी आणि हायवेचं चौपदरीकरण. रेल्वेला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी आधीच मिळाली होती, बाकी दोघांना मिळाली एप्रिल २०२० मध्ये, व्हिडिओ कॉलवरच्या बैठकीत. तेव्हा आपण सगळे घरात बसून भांडी वाजवून झालो होतो आणि भाजीच्या पिशव्या धूत होतो.

पण गोव्यातली काही पोरंपोरीही घरातच बसली होती ना! कुणी वकिलीचं शिकलेलं, कुणी बेडूक-फुलपाखरांवर काम करणारं, कुणी नुसतं चित्रं काढणारं. त्यांनी बैठकीचं इतिवृत्त डाउनलोड केलं आणि वाचायला घेतलं. एकच जंगल, पण तीन फाइली, तीन अर्ज, प्रत्येक फाइल म्हणते माझी झाडं इतकीच, आणि तिन्हींची बेरीज कुणीच मांडत नाही, आणि रेल्वेला तर २००६ च्या नियमांप्रमाणे पर्यावरण मंजुरीच लागत नाही, म्हणजे विचारणारच कोण! मग ज्याला जे येतं त्यानं ते केलं. माहिती अधिकाराचे अर्ज गेले, शास्त्रज्ञांनी सह्यांचं पत्र लिहिलं, पर्यटनवाल्यांनी वेगळं लिहिलं, आणि चित्रकारांनी त्या कंटाळवाण्या पीडीएफमधले प्राणी रंगवून इन्स्टाग्रामवर सोडले. 'आमचें मोलें' हे मोहिमेचं नाव असंच पसरलं. वाचणारी पोरं आणि पीडीएफ काही कॅमेऱ्याला देखणी दिसत नाहीत, म्हणून ही चित्रंच बघा. पण खरी लढाई त्या पीडीएफ वाचण्यातच झाली असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि आता ही रात्र. १ नोव्हेंबर २०२०, याच रेल्वेवरचं, दक्षिण गोव्यातल्या चांदर गावचं फाटक. हे फोनवरचं शूटिंग आहे, हलतंय, आवाज फाटलाय, असू दे. मध्यरात्रीनंतर फाटकावर रुळाचं काम करायला परवानगी मिळालेली, आणि त्याआधीच हजारो माणसं येऊन रुळावर बसली. मेणबत्त्या, पुठ्ठ्यांवरचे फलक, तोंडावर मास्क. 'गोंयांत कोळसो नाका' ही आरोळी जुनी, मुरगाव बंदरातून कर्नाटकच्या स्टील कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशाविरुद्धची, रुळालगतच्या गावांची. सरकार म्हणत होतं दुसरा रूळ काही कोळशासाठी नाही, गाववाल्यांना ते पटत नव्हतं, आणि वॅगनी तर त्यांच्याच दारावरून जातात. त्या रात्री जंगलवाली शहरातली पोरं आणि ही गावं एकत्र बसली. ही बघा म्हातारी माणसं, खुर्च्या घरून आणल्यात. माणसं पहाटेपर्यंत हलली नाहीत. नंतर सहा जणांवर बेकायदा जमावाचा गुन्हा नोंदवला गेला.

पुढचं पटकन सांगतो, कारण कोर्टात कॅमेरा नेता येत नाही. गोवा फाउंडेशन ही पर्यावरण संस्था सुप्रीम कोर्टात गेली, कोर्टाच्या समितीनं एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला, आणि त्यात तोच आपला चढ आला: रेल्वेच्या सगळ्यात अकार्यक्षम तुकड्याची क्षमता जेमतेम वाढेल, त्यासाठी एवढं नाजूक जंगल तोडायचं समर्थन दिसत नाही. घाट चढायला मागून ढकलणारी इंजिनं लावावीच लागणार, रूळ एक असो की दोन. ९ मे २०२२ ला कोर्टानं अभयारण्यातल्या दुसऱ्या रुळाची मंजुरी रद्द केली.

जंगलाबाहेरचं दुपदरीकरण मात्र थांबलं नाही. मुरगाव बंदराकडच्या वेळसांव गावात रुळाशेजारच्या लोकांचा विरोध त्यानंतरही चालूच राहिला. तिथं धबधबा नाही, त्यामुळं रील काढायला कुणी जात नाही.