कितव्या भागावर आहेस?

नमस्कार, श्रोतेहो.

दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्या भाचीचा फोन येतो आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मावशी, कितव्या भागावर आहेस?" मी आकडा सांगितल्याशिवाय ती पुढे एक अक्षर बोलत नाही. मी मागे असेन तर म्हणते, "मग आधी बघ, ठेवते मी." आणि खरंच ठेवून देते. ॲनिमे बघणाऱ्या माणसांमधली ही रीत आहे आणि मला ती फार प्रिय आहे. समोरचा कुठवर पोहोचलाय ते विचारायचं आणि आपलं बोलणं तिथवरच ठेवायचं.

ॲनिमे म्हणजे जपानमध्ये तयार होणारं ॲनिमेशन. शब्द नवा वाटला, तरी ज्यांचं बालपण 1993 च्या आसपास गेलं त्यांना वस्तू नवी नाही. रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, तो जपानचाच होता. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेनं 1989 साली केलेली ती 52 भागांची मालिका आपण हिंदीत बघितली. त्यातल्या शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता, आणि त्या आवाजाच्या भीतीनं आम्ही भावंडं एकमेकांना चिकटून बसायचो. सोमवारी मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी वर्गात चर्चा सुरू व्हायची. शेरखान आता काय करेल? बगीरा खरंच चिडलाय का? पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाच्या मताला सारखीच किंमत होती.

त्याच किमतीबद्दल मला आज बोलायचं आहे. मालिका चालू असताना, शेवट ठाऊक नसताना माणूस जे मत मांडतो, त्याबद्दल.

जपानमध्ये टीव्हीचं वर्ष तीन-तीन महिन्यांच्या चार हप्त्यांत चालतं. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. अशा एका हप्त्याला ‘कूर’ म्हणतात आणि एका कूरमध्ये साधारण बारा-तेरा भाग बसतात. आठवड्याला एक भाग. दर कूरमध्ये डझनावारी नव्या मालिका येतात. सगळ्या बघणं कुणालाच शक्य नसतं, म्हणून चाहत्यांनी एक नियम करून घेतलाय. तीन भाग बघायचे आणि मग ठरवायचं, पुढे बघायची की सोडायची. या नियमाच्या गप्पा निघाल्या की हमखास नाव निघतं ते ‘मादोका मागिका’चं. जानेवारी 2011 मध्ये ती सुरू झाली तेव्हा गोड चेहऱ्याच्या, रंगीबेरंगी जादूगार मुलींची गोष्ट वाटत होती. तिसऱ्या भागाच्या शेवटी काय होतं ते मी सांगणार नाही. ज्यांनी ती त्या वेळी आठवड्याला एक अशी बघितली, त्यांना पुढचा आठवडा कसा गेला हे मात्र जरूर विचारा.

त्याच मालिकेचा दहावा भाग ओसाकाच्या वाहिनीवर 10 मार्चच्या मध्यरात्रीनंतर लागला. काही तासांतच, 11 मार्चच्या दुपारी, जपानमध्ये तो मोठा भूकंप झाला आणि त्सुनामी आली. शेवटचे दोन भाग थांबवले गेले. ते लागले 21 एप्रिलच्या रात्री, एकामागोमाग एक. घर, माणसं, वीज, सगळंच अनिश्चित झालेल्या त्या सहा आठवड्यांत लोकांच्या मनात ही अर्धी राहिलेली गोष्टही होती. शेवट काय असेल याचे तर्क माणसं करत राहिली. आज ती मालिका एका रात्रीत संपवता येते. ते सहा आठवडे काही त्या रात्रीत मिळत नाहीत.

आता मी स्वतः पाहिलेल्या एका मालिकेकडे येते. तिच्यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद झाले. ‘फ्रीरेन’.

29 सप्टेंबर 2023, शुक्रवार. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. बाप्पा गेल्यानंतर घर कसं रिकामं रिकामं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यात त्या दिवसापासून पितृपक्ष लागला होता. जपानमध्ये त्या रात्री, एरवी चित्रपट दाखवतात त्या वेळेत, या मालिकेचे पहिले चार भाग दोन तासांचा एक सलग कार्यक्रम म्हणून दाखवले गेले. आमच्याकडे भाची आणि मी लॅपटॉप मांडून बसलो. दुसऱ्या दिवशी बाबांचं श्राद्ध होतं, म्हणून आई शेजारीच परातीत गवार मोडत होती. तिला जपानी कळत नाही, सबटायटल इंग्रजी. भाची तिला मराठीत सांगत होती.

गोष्ट अशी आहे. फ्रीरेन ही हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ जातीची जादूगार. हिमेल नावाचा वीर, एक धर्मगुरू, एक बुटका योद्धा आणि ती, असे चौघं दहा वर्षं प्रवास करून दैत्यराजाला मारतात. इतर गोष्टी जिथे संपतात तिथे ही सुरू होते. चौघं आपापल्या वाटेनं जातात. फ्रीरेन परत येते ती पन्नास वर्षांनी, दर पन्नास वर्षांनी होणारा उल्कावर्षाव सगळ्यांना मिळून बघायला. तिच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नाही आणि समोर हिमेल म्हातारा होऊन, टक्कल पडून उभा असतो. उल्कावर्षाव होतो. थोड्याच काळात हिमेल जातो. त्याच्या अंत्यविधीला ती कोरड्या डोळ्यांनी उभी असते, लोक कुजबुजतात, आणि मग एकाएकी तिला रडू फुटतं. दहा वर्षं या माणसाबरोबर चालले, पण त्याला ओळखून घ्यायचं मनातच आलं नाही, असं काहीसं ती म्हणते.

आईचे हात थांबले. परातीत मोडलेली गवार एका बाजूला, न मोडलेली दुसऱ्या बाजूला. भाचीही सांगायची थांबली होती. थोड्या वेळानं आई म्हणाली, "तुझ्या बाबांना गवार कधीच आवडायची नाही. आणि मी दर वर्षी त्यांच्या पानात तीच वाढते." मी म्हटलं, "अगं, नैवेद्याला लागतेच ना ती." तर म्हणाली, "लागते. पण त्यांना काय आवडायचं, तेही करायला हवं." दुसऱ्या दिवशी पानात बटाट्याच्या काचऱ्याही होत्या.

या मालिकेवर मी नंतर बरंच ऐकलं, वाचलं. चित्रं किती सुंदर, इव्हान कॉल यांचं संगीत किती हळुवार, मॅडहाउस स्टुडिओची कामगिरी केवढी मोठी. सगळं खरं आहे. पण पहिल्या भागावरचं सगळ्यात नेमकं मत मी आईकडून ऐकलं.

भाचीचं मत त्या रात्री वेगळंच होतं. चार भाग झाल्यावर ती म्हणाली, "छान आहे, पण काहीच घडत नाही गं मावशी." तिचा रोख दुसऱ्या भागावर होता. त्यात हिमेलच्या पुतळ्याभोवती लावायला फ्रीरेन त्याच्या गावाकडची निळी फुलं शोधते, आणि त्या शोधात जवळजवळ अर्धं वर्ष घालवते. तिची शिष्या फर्न कंटाळते, तशी भाचीही कंटाळली होती. मला तो भाग फार आवडला होता. हजार वर्षं जगणारीला सहा महिने म्हणजे आपले चार दिवस. पण ज्याच्यासाठी दहा वर्षांत थांबावंसं वाटलं नाही, त्याच्यासाठी ती आता थांबते. आमचं पटलं नाही. ठीक आहे, पुढच्या शुक्रवारी बघू, म्हणून उठलो.

मग दर शुक्रवार. जपानमध्ये रात्री अकरा म्हणजे आपल्याकडे साडेसात. नवरात्र झालं, दिवाळी झाली. स्टार्क नावाचा एक तरुण योद्धा त्या दोघींना येऊन मिळाला. घाबरट आहे आणि तरी जागचा हलत नाही, म्हणून आईला तो लगेच आवडला.

जानेवारी 2024 मध्ये वादाला तोंड फुटलं. अठराव्या भागापासून जादूगारांची परीक्षा सुरू होते. ढीगभर नवी पात्रं, डावपेच, लढाया. भाची खूश. "आता कुठे रंगात आली," असे तिचे लांबलचक व्हॉइस मेसेज यायला लागले. मी नाराज. माझी ती रस्त्यावरची तिघं कुठे गेली? स्टार्क तर कित्येक आठवडे जवळजवळ दिसतच नाही. आईनं "परीक्षा कसल्या बघायच्या" म्हणून बसायचंच सोडलं. तेव्हा माझं मत ठाम होतं की मालिका वाट चुकली, आणि ते मी भाचीला चांगलं सुनावलं होतं.

पुढचं एक वाक्य पंचविसाव्या भागाबद्दल आहे, न पाहिलेल्यांनी क्षणभर आवाज कमी करावा. तिथे फ्रीरेनची हुबेहूब प्रतिकृती समोर उभी राहते, आणि फ्रीरेनची एक बारीकशी खोट असते, ती नेमकी फर्नला ठाऊक असते, कारण ती कित्येक वर्षं तिच्या शेजारी वावरलेली असते, तिच्याकडे बघत आलेली असते. मी बसल्या जागी ताठ झाले. फ्रीरेननं हिमेलच्या बाबतीत जे केलं नाही, ते फर्न फ्रीरेनच्या बाबतीत करत आली होती. पहिल्या भागातला धागा त्या सगळ्या धुमश्चक्रीत शाबूत होता. मी भाचीला फोन करून सांगितलं, "या एका बाबतीत तू जिंकलीस." बाकी परीक्षा जरा लांबलीच, हे माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. होळीच्या आधीच्या शुक्रवारी, 22 मार्चला, अठ्ठाविसावा भाग झाला तेव्हाही आम्ही भांडतच होतो.

हे सगळं झालं ते मधे सहा-सात दिवस असायचे म्हणून. चुकीचं मत घेऊन मला आठवडा काढावा लागला, ते कुणाला तरी सांगावं लागलं, आणि मग बदलावं लागलं. याच काळात मांगा, म्हणजे मालिकेची मूळ जपानी चित्रकथा, वाचलेल्या एका ओळखीच्या व्यक्तीनं परीक्षेत कोण पास होतं ते मला सहज बोलता बोलता सांगून टाकलं. हेतू वाईट नव्हता. पण कथा जाणून असलेल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, "थांब, पुढे बघ" एवढंसुद्धा म्हणू नका. त्यात निम्मं सांगून झालेलं असतं.

थांबण्याचा सगळ्यात कठीण नमुना 2009 मधला. ‘हारुही सुझुमिया’ या मालिकेत क्योतो ॲनिमेशननं उन्हाळी सुट्टीच्या शेवटच्या दोन आठवड्यांची एकच गोष्ट सलग आठ आठवडे दाखवली. पात्रं कालचक्रात अडकलीत, म्हणून. तेच पोहणं, तेच फटाके, तेच संवाद. पण दर वेळी चित्रं नव्यानं काढलेली, आवाज नव्यानं मुद्रित केलेले, कपडे निराळे. चाहते भयंकर चिडले. मी ती कितीतरी वर्षांनी बघितली, मुद्दाम आठवड्याला एक अशी. पाचव्या आठवड्यात अगदी जीव उबगला. आणि तेव्हाच नागातो नावाची ती गप्प मुलगी मला पहिल्यांदा नीट दिसली. बाकी सगळे मागचं विसरतात, तिला एकटीला सगळ्या फेऱ्या आठवत असतात, पंधरा हजारांहून जास्त. एका दुपारी आठही भाग पळवत बघणाऱ्याला ती दिसेल का, मला शंका आहे.

म्हणून कुणी मला ॲनिमेचं नाव सांगून लगेच दहापैकी किती गुण विचारलं, की मी अडखळते. मला त्या माणसाचा आठवा भाग ऐकायचा असतो. तिथे कोण आवडत होतं, कुणावर संशय होता, काय होऊ नये असं वाटत होतं.

‘फ्रीरेन’चा दुसरा सीझन जानेवारी 2026 मध्ये सुरू झाला. भाची आता नोकरीसाठी बंगळुरूला असते. फोन स्पीकरवर ठेवून, तीन-दोन-एक म्हणत आम्ही दोन्हीकडे एकदम भाग सुरू केला. सांगायला शेजारी भाची नव्हती, म्हणून आईसाठी मराठी मी करत होते. भाग चालू असताना कुणी बोललं नाही. शेवटचं गाणं संपल्यावर फोनमधून आवाज आला, "आजी, कसा वाटला?"

"ती फर्न त्या पोरावर फार रागावते," आई म्हणाली. "गरीब आहे बिचारा."

"आजी, काहीही काय! तो तसाच वागतो!"

मी चहा टाकायला आत गेले. चहा गाळून बाहेर आणला, तरी दोघींचं त्यावरच चाललं होतं.