अंगात मुरलेला मार

(दृश्य: पहाट. सामानानं भरलेले ट्रॅक्टर, वर घोंगड्यात गुरफटलेली लेकरं.)

दसरा उलटला की बीड, जालना, परभणीच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. काही लेकरं आईबापासोबत कोपीवर, म्हणजे तोडीच्या गावच्या झोपडीत, जातात, काही आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. पोटासाठी गाव सोडणाऱ्या आईबापाला कुणी गुन्हेगार ठरवू नये. पण या पाच-सहा महिन्यांत लेकरू कुणाच्या तावडीत सापडलं, तर ते सांगायला त्याच्या हक्काचं माणूस जवळ नसतं.

आणि मार काही गरिबाच्याच घरात असतो असं नाही. मार्क कमी पडले म्हणून पट्ट्याचे वळ घेऊन शिकवणीला बसणारी पोरंही इथलीच. केंद्र सरकारनं २००७ साली महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर तिघांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं.

(दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग.)

गुरुजी फळा पुसायला डस्टर उचलतात. तिसऱ्या बाकावरचा मुलगा झटकन मान खाली घालतो, कोपर डोक्यावर धरतो. या गुरुजींनी त्याला कधी बोटही लावलेलं नाही.

धोका दिसला की शरीर ताणाची संप्रेरकं, म्हणजे कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनालिन सोडतं. छाती धडधडते, हातपाय ताठरतात. धोका टळला की हे सगळं उतरायला हवं. पण धोका घरातच राहत असेल, रोज संध्याकाळी दारू पिऊन दारात येत असेल, तर ते उतरणार कधी? झोप तुटते, भूक बिघडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. मेंदूतला भीतीचा भाग सतत जागा राहतो आणि रागाला आवर घालणाऱ्या भागाची वाढ नीट होत नाही. मग हाच मुलगा नववीत साधा धक्का लागला तरी अंगावर धावून जातो. खिशात गुटख्याची पुडी सापडते. घरचे म्हणतात, वाया गेलं पोरगं. आणि पुन्हा हाणतात.

मुलींचं दुखणं बऱ्याचदा वेगळ्या वाटेनं बाहेर येतं. पोट दुखतं, डोकं दुखतं, मधेच दातखीळ बसते. तपासण्या नॉर्मल येतात. एक सलाईन लावून घरी पाठवतात, नाहीतर बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावतात. काही घरांत तर लग्न लावून मोकळे होतात. तिला एकटीला बाजूला घेऊन "बाई, तुला कुणाची भीती वाटते का?" एवढं विचारायचं मात्र राहून जातं.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी सॅन दिएगोच्या हजारो प्रौढांचा अभ्यास मांडला. बरेचसे शिकलेले, आरोग्यविमा असलेले लोक. ज्यांच्या बालपणात मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन असे चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव होते, त्यांच्यात दारू, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. हृदयविकार आणि फुफ्फुसाचे आजारही जास्त. हा धोका आहे, नशिबाचा लेख नव्हे. एक जरी मोठं माणूस पाठीशी कायम उभं राहिलं, तरी पुष्कळ लेकरं सावरतात. आजी, मावशी, वर्गशिक्षक, आशाताई, कुणीही.

(दृश्य: ओसरीवर आजीशेजारी बसलेली नात.)

लेकरू बोलायला लागलं की मधे तोडू नका. "खरं सांग" म्हणून दटावू नका. "तुझी काही चूक नाही" हे तोंडानं म्हणा. ज्याची भीती आहे, त्याच्यासमोर विषय काढू नका. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर फुकट लागतो, मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तो मिटवायचा घरगुती मामला नाही. आणि फोन करायला हातात पुरावा असावा लागत नाही, शंका आली तेवढं पुरे.