कोपराच्या टोकावरची पिशवी

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, आजच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘बर्सायटिस: कारणे आणि उपचार’, म्हणजे सांध्यांजवळच्या पिशव्यांची सूज, असा विषय छापलेला आहे आणि कारणे व उपचार या दोन्हींकडे मी येणारच आहे. तत्पूर्वी एक जुनी तक्रार मांडण्याची परवानगी घेते. ‘गुडघ्यात पाणी झाले’, ‘सांध्यातले वंगण संपले’ आणि ‘गादी झिजली’ या तीन वाक्यांत सांधेदुखीविषयीचे आपले जवळजवळ सगळे बोलणे आटोपते. पाणी होते ते सांध्याच्या पोकळीत, वंगण म्हणतात ते त्याच पोकळीतल्या द्रवाला, आणि झिजते ती हाडाच्या टोकावरची कूर्चा किंवा मणक्यांमधली चकती. सांध्यांच्या आसपास असणाऱ्या, दीडशेच्या घरात भरणाऱ्या लहान पिशव्यांना, म्हणजे बर्सांना, या तीन वाक्यांत कुठेही जागा उरत नाही. ज्या अवयवाला बोलीत नाव नाही त्याचे दुखणे दुसऱ्याच्या खात्यावर लिहिले जाते, आणि उपचारही मग त्या दुसऱ्याचेच होतात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नसून स्वतःच्या हाताच्या अनुभवावरून सांगते आहे.

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेची तयारी करताना मी रोज रात्री डावे कोपर टेबलावर रोवून आणि डोके त्या हातावर टेकवून तासन्‌तास वाचत असे. काही आठवड्यांनी कोपराच्या टोकावर फुगवटा दिसू लागला आणि वाढत वाढत तो लहान अंड्याएवढा झाला. दुखत फारसे नव्हते, पण दिसायला तो भयंकर होता. ज्यांना दाखवले त्यांनी हाताने चाचपून ‘कोपरात पाणी झाले आहे’ असे सांगितले आणि कोपर काटकोनात ठेवून तीन आठवड्यांसाठी पट्टीत बांधून टाकले. सूज ओसरली, त्यामुळे निदान बरोबर होते असे सर्वांनाच वाटले. पट्टी सुटली तेव्हा मात्र हात सरळ होईना. व्यायाम करून करून तो मोकळा व्हायला दीड महिना गेला, आणि परीक्षा समोर असल्याने मी पुन्हा त्याच टेबलाशी, त्याच पद्धतीने बसले. तिसऱ्या आठवड्यात फुगवटा परत आला.

या वेळी आमच्या विच्छेदन कक्षातील एका शिक्षिकांनी तो पाहिला. त्यांनी मला हात पूर्ण सरळ करायला लावला आणि मग तळवा वर-खाली फिरवायला सांगितला. दोन्ही हालचाली न दुखता झाल्या. कोपर पूर्ण वाकवल्यावर तेवढे टोकावरची कातडी ताणली जाऊन दुखले. ‘सांधा फुगला असता तर हात सरळ करताना तू ओरडली असतीस,’ त्या म्हणाल्या, ‘आता सांग, वाचताना कोपर कुठे टेकवतेस?’ सारे निदान त्या एका प्रश्नात होते. सांध्याला काहीही झालेले नव्हते. हाडाच्या टोकाच्या आणि कातडीच्या मध्ये असलेली पिशवी टेबलाच्या दाबाने सुजली होती, आणि पट्टीने ती बसली होती ती सांधा जखडल्यामुळे नव्हे, तर त्या तीन आठवड्यांत कोपर टेबलाला लागले नाही म्हणून. निरोगी सांध्याला मी विनाकारण तीन आठवडे कोंडून ठेवले होते. त्या दुखण्याला इंग्रजीत पूर्वापार ‘विद्यार्थ्याचे कोपर’ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

आता प्रत्येकाने स्वतःच्या कोपराच्या टोकावरची कातडी दोन बोटांत धरून इकडे-तिकडे सरकवून पाहावी. हाडावर ती किती सहज सरकते, ते पाहा. एखाद्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत दोन थेंब तेल घालून ती दोन तळव्यांमध्ये धरली आणि तळवे एकमेकांवर घासले, तर तळवे पिशवीवर घासत नाहीत. पिशवीच्या दोन भिंतीच एकमेकींवरून घसरतात. बर्सा नेमके हेच करते. तिच्या भिंती एरवी एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात आणि मध्ये द्रवाचा केवळ पातळ थर असतो. म्हणून तिला ‘गादी’ म्हणणे मला पटत नाही. धक्का शोषण्यापेक्षा तिचे मुख्य काम सरकू देण्याचे आहे. कातडी आणि हाड, स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि हाड, किंवा दोन स्नायुबंध जिथे एकमेकांवरून जातात तिथे ती असते. काही बर्सा जन्मतः असतात, तर काही नंतर घडतात. कोपराच्या टोकावरची पिशवी तान्ह्या बाळाला नसते. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आले आणि त्यावर पादत्राण घासू लागले, की तिथेही शरीर नवी पिशवी तयार करते.

एडिंबरोचे शरीररचनाशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो यांनी 1788 मध्ये मानवी शरीरातील या सर्व पिशव्यांचे वर्णन करणारा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या विषयाला आख्खा ग्रंथ मिळाला, तो आज अनेक पाठ्यपुस्तकांत स्नायूंच्या प्रकरणाखाली चार ओळींत उरकला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. बर्सा हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ थैली असा आहे आणि इंग्रजीतला ‘पर्स’ त्याच मुळातून आला आहे. जाता जाता सांगते, की पक्ष्यांच्या शेपटीकडच्या भागातील एका अवयवालाही हेच नाव आहे. सांध्यांशी त्याचा काहीही संबंध नाही, पण 1956 मध्ये ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिल्लांतून तो काढला की प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत असे दाखवले, आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या ‘बी’ पेशींमधला ‘बी’ त्या बर्सावरून आला.

जुन्या नावांकडे मी पुन्हा वळते, कारण माझा खरा मुद्दा त्यांच्यात आहे. गुडघ्याच्या वाटीवरची पिशवी सुजली तर ‘मोलकरणीचा गुडघा’, वाटीच्या खालची सुजली तर ‘पाद्र्याचा गुडघा’, आणि बैठकीच्या हाडावरची सुजली तर ‘विणकऱ्याची बैठक’ अशी नावे इंग्रजीत रूढ झाली. फरशी पुसणारी बाई पुढे झुकून वाटीवर भार देते, प्रार्थनेला बसलेला माणूस ताठ असल्याने भार वाटीच्या खाली येतो, आणि विणकर दिवसभर कठीण फळीवर बसतो. गुडघ्यांवरच टेकलेली दोन माणसे, पण ती कशी टेकली यावरून पिशवी बदलते! ही नावे ठेवणाऱ्यांनी रुग्णाचा दिवस कसा जातो हे आधी पाहिले होते. ‘पाणी झाले’ या वाक्यात रुग्णाचा दिवस कुठेच येत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि माझ्याकडे दहा मिनिटे उरली आहेत, तेव्हा कारणे आणि उपचार आता वेगाने सांगते.

सततचा दाब, घर्षण किंवा एखादा जोराचा मार यांमुळे पिशवीचे आतले अस्तर चिडते, जाड होते आणि अधिक द्रव पाझरू लागते. पडल्यामुळे आत रक्तही साठू शकते. गाऊटमध्ये युरिक आम्लाचे स्फटिक आणि संधिवातात अस्तराचा स्वतःचा दाह हीही कारणे असतात. कोपर आणि वाटी यांवरच्या पिशव्या कातडीलगत असल्याने सूज ठळक दिसते आणि वेदना पुष्कळदा कमी असते. खांदा आणि खुबा येथील पिशव्या खोल असल्याने वेदना मोठी आणि सूज मात्र दिसत नाही.

खांद्यात ही पिशवी वरच्या हाडाचे छत आणि हात उचलणारा स्नायुबंध यांच्या फटीत असते. हात बाजूने वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात दुखले आणि त्यापुढे वेदना उतरली, तर या फटीचा संशय घ्यावा. मूळ बिघाड अनेकदा शेजारच्या स्नायुबंधात असतो. खुब्याच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यालाही वर्षानुवर्षे बर्सायटिस म्हटले गेले, परंतु एमआरआय आणि सोनोग्राफीने तपासल्यावर बऱ्याच रुग्णांत नितंबाच्या स्नायुबंधांचा दोष आढळला. म्हणजे पिशवीवर अन्याय दोन्ही बाजूंनी होतो. गुडघ्याबाबत एक गोष्ट मान्य करते: वाटीच्या वर, मांडीच्या बाजूला असलेली पिशवी (मोलकरणीच्या गुडघ्यातली वाटीवरची नव्हे) सांध्याच्या पोकळीला जोडलेली असते, त्यामुळे तिथे ‘गुडघ्यात पाणी झाले’ हे वाक्य अगदी बरोबर ठरते. गुडघ्यामागचा फुगवटाही पुष्कळदा सांध्यातूनच भरतो. विल्यम मॉरंट बेकर यांनी 1877 मध्ये त्याचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

साध्या बर्सायटिसचा पहिला उपचार म्हणजे दाब आणि घर्षण थांबवणे. कोपराखाली मऊ आधार, गुडघ्यांना पॅड, बसण्या-टेकण्याच्या पद्धतीत बदल, कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळ्या, एवढ्यावर बहुतेक पिशव्या काही आठवड्यांत बसतात. सांधा मात्र हलता ठेवावा, विशेषतः खांदा, कारण तो फार लवकर आखडतो. दिसली सूज की सुई घालून द्रव काढ, ही घाई नको, कारण त्या सुईबरोबर जंतू आत जाऊ शकतात. टाचेच्या मोठ्या स्नायुबंधाजवळ दाह कमी करणारे स्टेरॉइड टोचल्यास तो तुटण्याचा धोका असतो.

घाई करायची ती एकाच प्रसंगी. सूज लाल आणि गरम झाली, हात लावू देईना, जवळपास कातडी सोललेली असली किंवा ताप आला, तर पिशवीत जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेहींनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तर ताप येण्याची वाटही पाहू नये. हा संसर्ग बहुतेक वेळा कातडीवर राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा असतो. अशा वेळी द्रव काढून तपासावाच लागतो, प्रतिजैविके द्यावी लागतात, आणि संसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ नये.

शस्त्रक्रियेविषयी पहिल्या रांगेतून मघाशी विचारणा झाली होती. वारंवार भरणारी किंवा संसर्ग न आटोपणारी पिशवी काढून टाकता येते आणि तिच्यावाचून सांधा चालतो. पण कोपर पुन्हा टेबलावर रोवले जात राहिले, तर त्याच जागी शरीर नवी पिशवी घडवू शकते आणि तीही सुजू शकते. माझी मात्र कधी काढावी लागली नाही. त्या शिक्षिकांनी टेबलावर दुमडलेला टॉवेल ठेवायला लावला आणि पुस्तकासाठी उभा आधार दिला. परीक्षेच्या आधीच फुगवटा बसला होता.